शेळ्यांच्या विण्याच्या हंगामातील रात्री: कधी जागावे आणि जागून काय करावे

शेळीपालन नव्याने सुरू करणाऱ्याला पहिल्या हंगामात जो तो एकच सल्ला देतो, तो म्हणजे "रात्री लक्ष ठेवा". सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. तीस शेळ्यांचा कळप महिना-दीड महिना वीत राहणार असेल, तर प्रत्येक रात्र जागून काढणे कोणत्याही घराला झेपत नाही, आणि तसा हट्ट धरणारा माणूस नेमक्या गरजेच्या रात्री गाढ झोपी जातो. माझ्या बाबतीत हे घडलेले आहे. बार्शी तालुक्यातील आमच्या वस्तीवर एका पौषात सलग चौथ्या जागरणाला मी पहाटे तीनच्या सुमारास कडब्याच्या पेंढ्यांवर अंग टेकले. साडेचारला जाग आली तेव्हा एक पहिलारू पाठ (पहिल्यांदाच विणारी तरुण शेळी) व्यालेली होती आणि चार हात लांब उभी राहून, आपल्यापासून हे काय निघाले अशा नजरेने जमिनीकडे पाहत होती. करडू पुऱ्या दिवसांचे आणि वजनदार होते. केवळ नाकातोंडावरची पातळ पिशवी न फाटल्यामुळे ते गुदमरून गेले होते. ती पिशवी बोटाने फाडायला दोन क्षणही लागत नाहीत. त्या दोन क्षणांना जागे असण्यासाठी बाकीच्या कोणत्या रात्री निर्धास्त झोपावे, हे ठरवण्याची रीत पुढे सांगितली आहे. आमच्याकडील शेळ्या उस्मानाबादी असल्यामुळे उदाहरणे त्याच जातीची आहेत. मात्र संगमनेरी, बेरारी किंवा गावठी शेळ्यांनाही ती लागू पडतात.

सुरुवात नोंदवहीपासून

विण्याच्या रात्रींचे नियोजन बोकड कळपात सोडण्याच्या दिवशीच करावे लागते. शेळीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा असतो आणि त्यात पाचेक दिवस मागेपुढे होतात. १५ जुलैला लागलेली शेळी १२ डिसेंबरच्या आसपास विते, म्हणजे आषाढातल्या हिरव्या चाऱ्यावर माजावर आलेल्या शेळ्या ऐन थंडीत, मार्गशीर्ष-पौषात विण्यास येतात. बोकड बारमाही कळपात मोकळा ठेवला तर शेळ्या वर्षभर एकेक करून वीत राहतात आणि जागरणाला अंतच उरत नाही. त्याऐवजी बोकड वेगळा बांधून ठेवावा, ठरलेल्या दिवशी कळपात सोडावा आणि साधारण ४५ दिवसांनी पुन्हा बाहेर काढावा. माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असल्यामुळे प्रत्येक शेळीला दोन संधी मिळतात, आणि काही काळ दूर ठेवलेला बोकड अचानक आला की बऱ्याच शेळ्या पहिल्या दहा-बारा दिवसांत एकदमच माजावर येतात. त्यामुळे विणेही एका टप्प्यात उरकते. बोकडाच्या छातीला तेलात कालवलेली गेरू लावून ठेवल्यास कोणती शेळी कधी लागली, हे तिच्या पाठीवरच्या डागावरून कळते. त्या तारखेत १५० दिवस मिळवून येणारी तारीख वहीत लिहावी आणि तिच्या आधीचे पाच व नंतरचे पाच दिवस अधोरेखित करावेत. जागरणाचा हिशेब एवढ्याच दिवसांचा असतो.

शेवटचा महिना

पोटातील करडांची बहुतांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. जुळी असतील तर ती पोटात इतकी जागा व्यापतात की शेळीला भरपूर वैरण खाताच येत नाही. म्हणून या काळात कडबा, तुरीचे भुसकट आणि शेवरी-सुबाभळीच्या पाल्याच्या जोडीला रोज २५० ते ४०० ग्रॅम खुराक (धान्य-पेंडीचे मिश्रण) द्यावा, आणि तो एकदम सुरू न करता हळूहळू वाढवत न्यावा. जुळ्यांची शेळी खाणे सोडून कोपऱ्यात उभी राहू लागली, दात खाऊ लागली किंवा सुस्तावली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण हा आजार ताकद कमी पडल्यामुळे होतो आणि फार थोडा वेळ देतो. आंत्रविषाराची लस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी दिली, तर तिचे संरक्षण चिकावाटे, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधावाटे, करडांनाही मिळते.

साहित्याची जुळवाजुळव तारखेच्या पंधरा दिवस आधी पूर्ण असावी: हातमोजे, अंगाचा साबण, धुऊन वाळवलेली पाच-सहा गोणपाटे, जुन्या सुती साड्यांची फडकी, सात टक्के तीव्रतेचे टिंक्चर आयोडीन, कात्री, दोरा, थर्मामीटर, लिक्विड पॅराफिन किंवा न उघडलेली खोबरेल तेलाची बाटली, दूध पाजायची निपलची बाटली, आणि डोक्याला बांधायची बॅटरी. हे सर्व घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवावे. उघड्यावर ठेवलेले निपल उंदीर कुरतडतात आणि कात्री घरातली मुले पतंगाला नेतात. डोक्याला बांधायची बॅटरी ही चैन मुळीच नाही. गोठा शेतीपंपाच्या वाहिनीवर असेल तर वीज कोणत्या पाळीला असेल ते वेळापत्रकावर अवलंबून असते, आणि एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने शेळी सोडवणे जमत नाही. रात्री येणाऱ्या पशुवैद्यकीय डॉक्टरांचा नंबर आधीच विचारून, त्यांना गोठ्याचा रस्ता सांगून ठेवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. आपल्या तालुक्यात ते पथक कोणत्या वेळेत येते, याची चौकशी दिवसा करून ठेवावी.

गोठ्याच्या एका बाजूला चार फूट रुंद आणि पाच फूट लांब असे दोन-तीन खण बांबूने अडवून घ्यावेत. तळाला कोरडे भुसकट किंवा पाचट असावे. कुडातून येणारे वारे शेळीच्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत गोणपाटाने अडवावे. वरून हवा खेळती राहिली तरी चालते, किंबहुना तशी राहिलीच पाहिजे. कुत्री, लांडगे, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या, यांना ओल्या करडाचा वास लगेच लागतो. तेव्हा दार कडी लागणारे असावे.

संध्याकाळची तपासणी

रात्र जागायची की झोपायचे, याचा निर्णय संध्याकाळी सहा वाजता होतो, आणि संपूर्ण हंगामात नवख्या माणसाने सर्वांत जास्त कष्ट घेऊन शिकावे असे हेच काम आहे.

शेळी चरून आल्यावर तिला उभी करून शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवावी. तेथे एरवी पेन्सिलीसारख्या दोन ताठ दोऱ्या हाताला लागतात. विण्याचे दिवस जवळ येतील तसतशा त्या मऊ पडत जातात, आणि ज्या संध्याकाळी शोधूनही सापडत नाहीत, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडलेले दिसतात व बोटे हाडाभोवती जवळजवळ एकमेकांना भेटतात, त्यानंतर शेळी बहुधा चोवीस तासांच्या आत विते. ही खूण एका दिवसात हाताला कळत नाही. त्यासाठी आठवडाभर रोज, न गाभणलेल्या एखाद्या शेळीची शेपटी आधी आणि गाभण शेळीची नंतर, अशी चाचपून पाहावी. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक आपोआप जाणवू लागतो.

कासेवर एकटीवर विसंबू नये. कास भरून सड तुकतुकीत आणि ताठ झाले तर वेळ जवळ आली हे खरे, परंतु काही शेळ्यांची कास आठ-आठ दिवस आधी भरते आणि काही पहिलारू पाठींची करडू बाहेर आल्यावरच भरते. स्वभावातील बदल मात्र बहुतेक वेळा खरे बोलतात. शेळी कळप सोडून भिंतीकडे जाते, खुराने जमीन उकरते, बसते, उठते, वळून आपल्या कुशीकडे पाहते, आणि काही शेळ्या तर अजून न जन्मलेल्या करडाशी घशातल्या घशात, हलक्या आवाजात बोलू लागतात. हा आवाज एरवीच्या बेंबेंपेक्षा अगदी निराळा असतो आणि एकदा ऐकला की विसरत नाही. निरणातून (योनीच्या तोंडातून) पांढरट किंवा मधासारखा चिकट स्राव लोंबू लागला, तर रात्रीची पाळी लावावी. तोच स्राव तपकिरी आणि दुर्गंधीयुक्त असेल तर पाळी लावत बसू नये, डॉक्टरांना बोलवावे.

पाळ्या

संध्याकाळच्या तपासणीत एकही शेळी संशयित आढळली नाही, तर रात्री दहाला आणि पहाटे चारला एकेक फेरी पुरे. संशयित शेळी असेल तर तिला खणात घेऊन दर तासाला पाहावे, आणि कळा सुरू झाल्यावर मग जागचे हलू नये. आमच्या घरी दहा ते एक आईची, एक ते चार माझी आणि चारनंतर वहिनींची पाळी असते, कारण वहिनी तशाही धार काढायला उठतात. पाळी बदलताना झोपलेल्याला उठवून नुसते "तुझी वेळ झाली" म्हणणे पुरत नाही. कोणती शेळी, किती वाजल्यापासून, काय करते आहे, हे तीन शब्दांत का होईना वहीत लिहावे. झोपेतून उठलेल्या माणसाने "हो" म्हटले याचा अर्थ त्याने ऐकले असा होत नाही.

फेरी मारताना मोठा दिवा लावू नये आणि घरातील सगळ्यांनी जाऊन गर्दी करू नये. बुजलेली शेळी कळा थांबवून धरते आणि मग पहाट होईपर्यंत सगळेच ताटकळत बसतात.

कळा आल्यावर घड्याळ पाहावे

शेळी आडवी पडून, पाय ताणून, जोर देऊ लागली की पहिली कृती म्हणजे वेळ लिहून ठेवणे. आधीची उठबस काही तास चालते आणि तिची चिंता करू नये. जोराच्या कळा मात्र मोजायच्या असतात. प्रथम पाणमोट (पाण्याने भरलेली पिशवी) दिसते, ती फुटते, आणि मग दोन पुढचे पाय व त्यांवर टेकवलेले नाक अशा क्रमाने करडू येते. पायांचे तळवे खाली असतात. बहुसंख्य शेळ्या येथून पुढचे काम अर्ध्या तासात स्वतःच उरकतात, आणि नवख्या माणसाच्या हातून सर्वाधिक नुकसान याच अर्ध्या तासात होते. माझ्या पहिल्या हंगामात पाय दिसताच मी ओढायला सरसावलो, तेव्हा आजी दारातूनच म्हणाली, "आरं, हात माघारी घे. तिचं तिला करू दे." वाट पुरेशी सैल होण्याआधी ओढल्यास शेळी आतून फाटते, म्हणून हात धुऊन, मांडीवर ठेवून, बसून राहणे हेच त्या वेळचे काम असते.

मर्यादा अशी पाळावी. जोराच्या कळा देऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढे सरकले नाही, किंवा पाणमोट फुटून तास होत आला तरी पाय दिसत नाहीत, किंवा एकच पाय, नुसते डोके अथवा नुसती शेपटी दिसते आहे, तर डॉक्टरांना फोन करावा आणि ते येईपर्यंत आत काय आहे ते पाहावे. तळवे वर असलेले दोन पाय आले तर ते बहुधा मागचे पाय होत. माणसांत ज्याला पायाळू म्हणतात तसे हे करडू त्या स्थितीतही सुखरूप जन्मते, परंतु कमरेपर्यंत बाहेर आल्यावर नाळ दाबली जात असल्यामुळे तेथून पुढे कळेबरोबर न थांबता ओढून घ्यावे.

हात घालण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे, नखे कापलेली असावीत, कोपरापर्यंत साबणाने धुवावे, हातमोजा घालावा आणि त्यावर भरपूर पॅराफिन किंवा तेल लावावे. शेळीचे मागचे अंगही साबणाने धुऊन घ्यावे. आत हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा, हे सांध्यांवरून ओळखता येते: खुराच्या वरचा सांधा आणि त्यापुढचा सांधा एकाच दिशेने वाकत असतील तर पाय पुढचा, विरुद्ध दिशांना वाकत असतील तर मागचा. जुळी असतील तर दोन पाय दोन वेगळ्या करडांचे असू शकतात. म्हणून पायावरून बोटे सरकवत छातीपर्यंत जावे आणि दोन्ही पाय एकाच छातीला जोडलेले आहेत याची खात्री झाल्याखेरीज ओढू नये. दुमडलेला पाय सरळ करायचा असेल तर दोन कळांच्या मधल्या वेळात करडू किंचित मागे लोटावे आणि खूर तळव्यात झाकून बाहेर घ्यावा, म्हणजे गर्भाशयाला इजा होत नाही. ओढायचे ते कळेबरोबरच, आणि सरळ मागे न ओढता शेळीच्या मागच्या पायांकडे, खालच्या दिशेने. पंधरा-वीस मिनिटांत जमले नाही तर थांबावे. शेळीचे सिझेरियन होते आणि वेळेत झाले तर शेळी वाचते. तासभर ओढाताण झालेल्या शेळीची शाश्वती डॉक्टरही देत नाहीत. "कळा येण्याचे" इंजेक्शन कोणी आणून दिले तरी तपासणी न करता टोचू देऊ नये. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसताना किंवा करडू आडवे असताना ते दिल्यास गर्भाशय फाटू शकते.

पहिला तास

करडू बाहेर येताच नाकातोंडावरची पिशवी आणि चिकटा बोटाने काढावा. श्वास घेत नसेल तर छातीवर बसते करून गोणपाटाने बरगड्या जोराने चोळाव्यात आणि नाकपुडीत गवताची काडी फिरवावी. शिंक आली की काम झाले. त्यानंतर करडू शेळीच्या तोंडापुढे ठेवावे आणि चाटण्याचे काम तिच्यावर सोडावे. चाटण्याने करडू सुकते, त्याचे रक्त खेळते, आणि शेळीला त्याचा वास पटतो. आपण फडक्याने अगदी स्वच्छ पुसून दिलेले करडू पहिलारू पाठ कधीकधी ओळखतच नाही आणि ढुशी मारते. अशा वेळी तिच्याच चिकट्याचा हात करडाच्या पाठीवर फिरवून, तिला खणात धरून पाजावे. एक-दोन दिवसांत बहुतेक पाठी नमतात.

नाळ लांब असेल तर पोटापासून तीन बोटांवर दोऱ्याने बांधून खाली कापावी, आणि लहान वाटीत आयोडीन घेऊन त्यात नाळ पूर्ण बुडवावी. वरून थेंब टाकून भागत नाही. मग दोन्ही सडांच्या तोंडाशी असलेली मेणासारखी गुठळी पिळून काढावी. ती न काढल्यामुळे करडू चोखत राहते, पोटात काहीच जात नाही, आणि पाहणाऱ्याला मात्र ते पीत आहे असे वाटते.

चीक पहिल्या तासात पोटात गेलाच पाहिजे. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत. ते फक्त चिकातून मिळतात, आणि आतड्यांची ते शोषण्याची ताकद तासागणिक घटत जाऊन दिवसभरात जवळपास संपते. दोन किलोच्या करडाला पहिल्या वेळी सुमारे १०० मिली आणि चोवीस तासांत मिळून ४०० मिली चीक मिळावा. तिळ्यांतले तिसरे करडू नेहमी मागे पडते. त्यासाठी आधी व्यालेल्या एखाद्या निरोगी शेळीचा जास्तीचा चीक लहान बाटल्यांत गोठवून ठेवावा आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरून वितळवावा. चुलीवर तापवल्यास त्याचा खरवस होतो; घरच्यांना तो आवडेल, पण करडाच्या उपयोगाचा राहत नाही.

गारठलेले करडू

पहाटे चारच्या फेरीला प्रत्येक नव्या करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. आतून ऊब लागली आणि करडू बोट चोखू लागले तर पुढे जावे. तोंड गार लागले, तर थर्मामीटर लावावे: करडाचे तापमान साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते आणि ९९ च्या खाली गेलेले करडू धोक्यात असते. येथे सगळ्यांची एकच चूक होते. दया येऊन त्याला लगेच दूध पाजले जाते. गारठलेल्या करडाचे पोट चालत नाही आणि गिळताना दूध फुप्फुसात जाते, म्हणून आधी ऊब आणि मग चीक, हा क्रम बदलू नये. करडू कोरडे करून, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांच्या मधे पेटीत ठेवावे. डोके वर करून चोखू लागले की पाजावे. पाच-सहा तासांपेक्षा मोठे, उपाशी आणि लुळे पडलेले करडू असेल तर अंगातली साखर संपलेली असते; त्याला ऊब देण्याआधी डॉक्टरांनी ग्लुकोज देणे आवश्यक असते.

गोठ्यात शेकोटी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवू नये. धुराने करडे गुदमरतात. बल्ब लावायचा असेल तर तो साखळीने, भुसकटापासून किमान तीन फूट उंच टांगावा आणि वायर शेळीच्या तोंडाला लागू देऊ नये. शेळी वायर खाते.

वार

शेवटच्या करडानंतर वार, म्हणजेच जार, काही तासांत पडते. लोंबणारी वार हाताने ओढू नये आणि तिला दगड-चप्पलही बांधू नये. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. पडलेली वार हातमोजा घालून उचलावी आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. गाभ टाकण्याचे काही आजार, विशेषतः ब्रुसेलोसिस, वारेतून आणि स्रावातून माणसाला होतात. म्हणून घरातील गरोदर स्त्रीने या कामात हात घालू नये, आणि बाकीच्यांनी हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नये. व्यालेल्या शेळीला कोमट पाण्यात गूळ कालवून द्यावा, तिला लगेच तहान असते. खुराक मात्र दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवत पूर्वपदावर आणावा.

सकाळ

रात्रभर जागलेल्याने सकाळी दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकल चालवू नये. ते काम त्या दिवशी झोपलेल्या माणसाचे. जागलेल्याने करडे वजनकाट्यावर घ्यावीत आणि वहीत शेळीचा क्रमांक, वेताचा आकडा, कळा सुरू झाल्याची आणि करडू आल्याची वेळ, नर की मादी, वजन, आणि हात घालावा लागला की नाही, हे लिहावे. ज्या शेळीच्या नावापुढे सलग दोन वेतांत हात घातल्याची नोंद येते, ती पुढच्या बाजारात विकावी आणि तिच्या पाठी पैदाशीला ठेवू नयेत. चहा ही नोंद झाल्यावरच घ्यावा. आधी घेतला की तेथेच डोळा लागतो, आणि दोन काळ्याभोर करडांपैकी आधी कोणते आले, हे दुपारी कोणालाच सांगता येत नाही.